पुढच्या शॉकअपचं ऑइल सील घरी बदलताना

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर तेलाचं कडं दिसायला लागलं, त्यावर धूळ बसून काळा थर जमू लागला, की समजायचं ऑइल सील गळतंय. हे काम घरी होतं. स्वच्छ जागा, योग्य मापाचे पाने आणि घाई न करण्याची तयारी असेल तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं. मात्र सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: सील सहसा आपणहून जात नाही. पाइपवर वाळलेला चिखल, दगड लागून पडलेला खड्डा, गंजाचा ठिपका, किंचित वाकलेला पाइप, यांपैकी कशाने तरी ते खराब केलेलं असतं. ते कारण न शोधता नवं सील ठोकलं तर थोड्याच दिवसांत तेच कडं पुन्हा दिसेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

खालची पद्धत साध्या टेलिस्कोपिक फोर्कची आहे, म्हणजे वर चकचकीत पाइप आणि खाली जाड बॉटम. जाड भाग वर असलेले उलटे फोर्क किंवा आत कार्ट्रिज असलेले फोर्क उघडायला स्प्रिंग दाबून धरणारं खास हत्यार लागतं. पहिल्याच प्रयत्नात त्यांना हात घालू नका.

सील नेमकं काय करतं

पाइप बॉटममध्ये खालीवर सरकतो आणि बॉटममध्ये तेल भरलेलं असतं. बॉटमच्या तोंडाशी सील बसतं: धातूच्या कड्यावर चढवलेलं रबर, आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठाला पाइपवर दाबून धरणारी अगदी बारीक गोल स्प्रिंग. पाइप वर सरकताना हा ओठ तेल आतच निपटून ठेवतो. सीलच्या वर एक तारेची क्लिप असते, ती सीलला उडू देत नाही. क्लिपच्या वर डस्ट सील असतं, ते बाहेरची धूळ अडवतं. डस्ट सील फाटलं किंवा कडक झालं की धूळ आत जाते, ऑइल सीलच्या ओठाखाली अडकते आणि पाइपच्या प्रत्येक हालचालीबरोबर ओठ कापत राहते. म्हणून ऑइल सील बदलताना डस्ट सीलही नवंच घ्यायचं. यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

गळती किरकोळ वाटली तरी टाळू नका. तेल ओघळून डिस्क आणि ब्रेक पॅडवर गेलं तर पुढचा ब्रेक नीट लागत नाही, आणि गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. पॅड तेलात भिजले असतील तर ते धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, नवे टाका. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते.

आधी एक सोपा उपाय

सगळं उघडण्याआधी सील साफ करून बघा. कित्येकदा सील फाटलेलं नसतं, ओठाखाली फक्त कचरा अडकलेला असतो. पाइप आधी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा. डस्ट सील पातळ स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचलून वर सरकवा. आता पातळ पण चिवट प्लास्टिकची एक पट्टी घ्या, जुन्या फोटोच्या निगेटिव्हइतकी जाड. तिच्या एका कडेला कात्रीने हुकसारखी छोटी खाच पाडा. ही पट्टी पाइप आणि ऑइल सीलच्या मधे सरकवा, पाइपभोवती गोल फिरवा आणि बाहेर ओढा. पट्टीवर काळा कचरा येईल. ती पुसून पुन्हा तेच करा, पट्टी स्वच्छ येईपर्यंत. मग पाइप कोरडा पुसा, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप काही वेळा दाबा आणि बघा. कडं उमटलं नाही तर डस्ट सील खाली दाबून बसवा आणि काही दिवस लक्ष ठेवा. पुन्हा ओलं झालं तर मात्र सील बदलायलाच हवं.

सामान

तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा. तेलाचा ग्रेड, प्रत्येक बाजूचं प्रमाण, तेलाची पातळी आणि बोल्ट किती आवळायचे हे गाडीगणिक बदलतं, ते अंदाजाने करायची गोष्ट नाही. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३७, ५०, ११. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा उंची, सगळे मिलीमीटरमध्ये. नवं सील घेताना हे आकडे जुळवून घ्या.

ऑइल सील आणि डस्ट सीलची दोन्ही बाजूंची जोडी घ्या. गळत एकच बाजू असली तरी दोन्ही बदला: दुसरं सील तितकंच जुनं आहे, आणि दोन्हीकडे एकच तेल, एकाच पातळीला असायला हवं. शिवाय बॉटमच्या तळाच्या ॲलन बोल्टचे (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचे) तांब्याचे नवे वॉशर, थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप सैल होऊ न देणारा द्रव), फोर्क ऑइल, लांब ॲलन की, गोटी पाने, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना), मोजपट्टी, मापाचं भांडं, जुनं तेल धरायला ट्रे, ब्रेक क्लीनर, भरपूर फडकी आणि दीड-दोन हजार ग्रिटचा पॉलिश पेपर. फोर्क ऑइलऐवजी इंजिन ऑइल टाकू नका. शॉकअपमध्ये तेल बारीक भोकांतून सतत ये-जा करतं, त्यात फेस होऊ न देणारं तेल लागतं. आणि दोन कंपन्यांचं तेल एकाच ग्रेडचं असलं तरी घट्टपणात फरक असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच डब्यातलं टाका.

गाडीवर असतानाच सैल करायचे बोल्ट

गाडी सपाट, टणक जमिनीवर मेन स्टँडवर घ्या, पण लगेच काही उघडू नका. शॉकअप गाडीत घट्ट धरलेला असतो तेव्हाच काही बोल्ट सहज सैल होतात, बाहेर काढल्यावर त्याच बोल्टसाठी घाम फुटतो.

पहिला, शॉकअपच्या वरच्या टोकाची टोपी. आधी वरच्या क्लॅम्पचा, म्हणजे हँडलजवळ पाइपला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आवळणारा बोल्ट सैल करा, नाहीतर क्लॅम्पच्या दाबाने टोपीचे आटे घट्ट धरलेले राहतात. मग टोपी फक्त पाव-अर्धा फेरा फिरवा, पूर्ण काढू नका. काही छोट्या गाड्यांत हाच बोल्ट वरच्या क्लॅम्पमधून जाऊन शॉकअपला धरून ठेवतो, तिथे मॅन्युअलमधला क्रम पाळा. दुसरा, बॉटमच्या तळाशी खोल बसलेला ॲलन बोल्ट. तो आतल्या डँपर रॉडमध्ये, म्हणजे तेलाची ये-जा रोखणाऱ्या भोकांच्या नळीत, फिरतो. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत रॉड जागेवर धरलेला असतो. शॉकअप उघडल्यावर बोल्ट फिरवला तर रॉडही सोबत गरगरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. म्हणून तोही आत्ताच जरा सैल करा, तेल ठिबकलं तर खाली ट्रे असू द्या. ॲक्सलच्या आड तो बोल्ट दिसत नसेल तर चाक काढल्यावर लगेच हे करा.

पाइप वरच्या क्लॅम्पच्या किती वर आलेला आहे हेही पट्टीने मोजून लिहून ठेवा. बसवताना दोन्ही बाजू त्याच मापाला यायला हव्यात.

शॉकअप काढणं

इंजिनाखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक जमिनीपासून उचला. मागची बाजू पट्ट्याने बांधली तर उत्तम. गाडी हलवून बघा. जरा जरी डगमगत असेल तर पुढे जाऊ नका.

ब्रेक कॅलिपर (पॅडनी डिस्कला दोन्हीकडून धरणारा भाग) काढून तारेने वर टांगा. ब्रेकच्या होजवर (नळीवर) त्याचं वजन येता कामा नये. पॅडच्या मधे लाकडाची चिपटी ठेवा आणि कॅलिपर मोकळा असताना ब्रेकचा लिव्हर कुणी दाबणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. मग ॲक्सल काढून चाक काढा, मडगार्ड काढा. आता वरचा-खालचा क्लॅम्प सैल करून शॉकअप फिरवत-फिरवत खाली ओढा. अडलं तर ठोकू नका, क्लॅम्पच्या फटीवर भेदक तेल मारून थोडं थांबा.

एका वेळी एकच बाजू उघडा. अडलं तर दुसरी बाजू समोर पूर्ण जोडलेली असते, बघून घेता येतं.

उघडणं

टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते. डोळ्यांवर चष्मा लावा, टोपीवर गोटी पाना ठेवून तळहाताने खाली दाब देत शेवटचे आटे सोडा. चेहरा टोपीच्या समोर नको. टोपी, स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. स्प्रिंगचं एक टोक दाट वेटोळ्यांचं असेल तर ते वर होतं की खाली हे नक्की टिपा.

शॉकअप ट्रेवर उलटा धरून तेल काढा आणि पाइप हळूहळू आतबाहेर करत राहा. तेल राखाडी आणि चमकदार दिसलं तर आतल्या भागांची झीज झाली आहे, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. दोन्ही गोष्टी पुढच्या तपासणीत कामाला येतात.

तळाचा बोल्ट काढा. आतला रॉड फिरत असेल तर स्प्रिंग आणि टोपी परत लावून, शॉकअप दाबून धरत पुन्हा प्रयत्न करा. त्यानेही नाही झालं तर टोक निमुळतं केलेला लाकडी दांडा वरून पाइपमध्ये घालून रॉडच्या डोक्यावर जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला बोल्ट फिरवायला सांगा.

डस्ट सील काढा. त्याखालची तारेची क्लिप बारीक टोकाने खाचेतून सोडवा, तिला गंज लागला असेल तर नवी घ्या. पुढची पद्धत दोन प्रकारची आहे. आत बुश (पाइपला सरळ सरकत ठेवणारी धातूची कडी) असलेल्या शॉकअपमध्ये पाइप एका हातात, बॉटम दुसऱ्या हातात धरून झटक्याने ओढायचं, परत आत सारायचं, परत झटका द्यायचा. काही झटक्यांत बुश आणि सील पाइपबरोबर बाहेर येतात. बुश नसलेल्या छोट्या शॉकअपमध्ये पाइप सरळ निघून येतो आणि सील बॉटममध्येच राहतं. ते रुंद स्क्रू ड्रायव्हरने उचलायचं, पण बॉटमच्या कडेवर जाड रबर किंवा लाकूड ठेवून त्यावरच टेका घ्यायचा. बॉटम ॲल्युमिनियमचा असतो. सीलच्या बैठकीत ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या बाजूने गळायला लागतं. जोर लावण्याऐवजी थोडंथोडं चारही बाजूंनी उचला.

पाइप तपासा, इथे वेळ घ्या

पाइप ब्रेक क्लीनरने पुसून उजेडात धरा आणि हळूहळू फिरवा. बोटाचं नख पाइपवरून लांबीच्या दिशेने, मग गोल फिरवा. नख जिथे अडकेल तिथे सीलचा ओठही अडकतो. सगळा पाइप महत्त्वाचा नसतो. प्रवासात पाइपचा जो पट्टा सीलमधून खालीवर जातो तो बघा, पाइपवर तो सहसा वेगळा उठून दिसतो. क्लॅम्पच्या आत राहणाऱ्या भागातल्या खड्ड्याने सीलला काही होत नाही.

खड्ड्याच्या काठावर धारदार उंचवटा असेल तर तो फोर्क ऑइल लावलेल्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवा. पेपर पाइपभोवती गोल फिरवा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. उभे ओरखडे तेलाला बाहेर यायला वाट करून देतात. उंचवटा गेल्यावर पुन्हा नख फिरवून बघा. नख सरकून गेलं तर पुरे, खड्डा तळापर्यंत घासून काढायचा प्रयत्न करू नका. क्रोमचा थर पातळ असतो, तो घासून गेला की तिथे गंज धरेल. गंजाने क्रोम सुटून पोपडे निघत असतील किंवा खड्डे खोल आणि पुष्कळ असतील, तर पाइप नवीन घ्यायचा किंवा पुन्हा क्रोम करून घ्यायचा. अशा पाइपवर नवं सील चढवणं म्हणजे सील आणि तेल दोन्ही फुकट घालवणं.

पाइप वाकलाय का, हे जाड काचेवर किंवा अगदी सपाट लादीवर लोळवून कळतं. तो उडतउडत फिरला किंवा खाली उजेडाची फट उघडझाप करत दिसली तर वाकलेला आहे. वाकलेला पाइप सीलवर एकाच बाजूने दाबतो. गाडी आपटलेली असेल तर ही तपासणी टाळू नका.

बुश असतील तर त्यांच्या घासणाऱ्या बाजूचा करडा थर झिजून खालची तांब्यासारखी धातू मोठ्या भागात दिसते का बघा. दिसत असेल तर बुशही बदला. झिजलेल्या बुशमध्ये पाइप डगमगतो आणि सीलला पाइपच्या मागे इकडेतिकडे धावावं लागतं.

सगळे भाग धुऊन, वाळवून, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. सीलची बैठक आणि क्लिपची खाच बोटाने फिरून तपासा. गंजाचा कण खाचेत राहिला तर क्लिप पूर्ण बसत नाही.

सील बसवणं

डँपर रॉड पाइपमध्ये घालून पाइप बॉटममध्ये उतरवा. तळाच्या बोल्टचे आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करा, थ्रेडलॉकचा थेंब लावा, तांब्याचं नवं वॉशर घाला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. रॉड फिरू लागला तर वरून स्प्रिंग घालून तात्पुरता दाब द्या. जुनं वॉशर परत वापरलं तर गळती वरून थांबून तळातून सुरू होईल.

बुश आणि त्यावरचं वॉशर असेल तर ते आधी जागेवर बसवा. आता सील. पाइपच्या वरच्या टोकाची कड धारदार असते, ती सीलचा ओठ सहज कापते. म्हणून त्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि तिच्यावर फोर्क ऑइल चोळा. सीलच्या ओठालाही तेल लावा. सीलच्या ज्या बाजूला आकडे छापलेले आहेत ती बहुतेक वेळा वर येते, आणि बारीक स्प्रिंग दिसणारी मुख्य बाजू खाली, तेलाकडे. सील घालण्याआधी पॅकेटवरचं चित्र आणि जुन्या सीलचा फोटो, दोन्हींशी ताडून बघा. उलटं बसलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.

पिशवीवरून सील फिरवत खाली आणा, पिशवी काढून टाका, सील हाताने बैठकीत सरळ टेकवा. ठोकायला खास ड्रायव्हर असेल तर छान. नसेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो: आतून पाइपपेक्षा किंचित मोठा, बाहेरून सीलपेक्षा लहान, टोक अगदी सरळ कापलेलं आणि कानस फिरवून गुळगुळीत केलेलं. नव्या सीलवर जुनं सील उलटं ठेवा आणि त्याच्यावरून ठोका, म्हणजे घाव सगळीकडे सारखा पडतो. जुन्या सीलला आधी एका ठिकाणी करवतीने काप द्या, नाहीतर तेच आत अडकून बसेल.

ठोके हलके आणि फिरते असू द्या. सील एका बाजूला कललं तर थांबा, वर आलेल्या बाजूला हलके ठोके देऊन सरळ करा. सील तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, मऊ आवाजाऐवजी टणक येतो. तरीही आवाजावर विसंबू नका. क्लिपची खाच सगळीकडून पूर्ण उघडी दिसायला हवी. क्लिप खाचेत बसवा आणि ती सगळीकडे बसली का हे पातळ स्क्रू ड्रायव्हरने फिरून चाचपून बघा. मग डस्ट सील हाताने दाबून बसवा.

तेल

शॉकअप सरळ उभा धरा, स्प्रिंग बाहेर ठेवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणाच्या थोडं कमी तेल ओता. पाइप सावकाश आठ-दहा वेळा खालीवर करा, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. बुडबुडे थांबले की थोडा वेळ तसंच उभं ठेवा. आता पाइप पूर्ण खाली दाबा आणि पाइपच्या वरच्या कडेपासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत पट्टीने मोजा. मॅन्युअलमधली पातळी याच अवस्थेतली असते, स्प्रिंग बाहेर आणि पाइप पूर्ण दाबलेला. मापाला येईपर्यंत तेल घाला किंवा सिरिंजने काढा.

माझ्या मते ओतलेल्या मिलीलिटरपेक्षा ही पातळी जास्त भरवशाची. आत किती जुनं तेल शिल्लक राहिलं यावर मिलीलिटरचा हिशोब चुकतो, पातळी चुकत नाही. तेलावरची हवा शॉकअप दाबला गेल्यावर स्प्रिंगसारखंच काम करते. तेल जास्त झालं की हवेला जागा कमी उरते, शॉकअप शेवटी कडक होतो आणि सीलवर दाब वाढतो. दोन्ही बाजूंची पातळी तंतोतंत सारखी ठेवा.

पाइप पूर्ण वर ओढून स्प्रिंग, वॉशर, स्पेसर फोटोतल्या क्रमाने घाला. टोपीची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला. टोपी खाली दाबत, आटे आडवे चढू न देता हाताने लावा. पूर्ण आवळणं गाडीवर.

परत गाडीवर

पाइप क्लॅम्पमधून वर चढवा, लिहून ठेवलेल्या मापाला आणा. आधी फक्त खालचा क्लॅम्प आवळा, मग टोपी टॉर्कला आवळा, त्यानंतर वरचा क्लॅम्प. मडगार्ड, चाक आणि कॅलिपर लावा. ॲक्सलचा मुख्य नट आवळा, पण बॉटमला ॲक्सल धरणारा आवळणारा बोल्ट असेल तर तो तूर्त सैल ठेवा. गाडी जमिनीवर घ्या, ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, मग ब्रेक धरून पुढचा भाग जोरात काही वेळा दाबा. दोन्ही शॉकअप एकमेकांशी समांतर होतात. आता तो शेवटचा बोल्ट आवळा. हा टप्पा सोडला तर शॉकअप तिरके अडकतात आणि नव्या सीलवर बाजूने दाब येतो.

निघण्याआधी ब्रेक लागतोय का, चाक मोकळं फिरतंय का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतंय का ते बघा. पहिली फेरी हळू आणि छोटी घ्या. परत आल्यावर पाइपवर तेलाचा अगदी पातळ थर दिसला तर घाबरू नका, बसवताना ओठाला लावलेलं तेल ते. पुसा आणि पुन्हा चालवा. दोन-तीन वेळा पुसूनही ओलं कडं तसंच उमटत असेल, तर ते कुठून येतंय ते शोधा: पाइपच्या एकाच रेषेत येत असेल तर तिथे ओरखडा आहे, सगळीकडून सारखं येत असेल तर ओठ कापला गेलाय किंवा सील उलटं बसलंय, आणि पाइप कोरडा असून बॉटमच्या तळाशी थेंब असतील तर तांब्याचं वॉशर बघा. जुनं तेल नालीत किंवा मातीत ओतू नका, बंद डब्यात भरून जिथे वापरलेलं इंजिन ऑइल घेतात तिथे द्या. आणि गाडी धुताना शॉकअपचे पाइप दर वेळी ओल्या फडक्याने पुसा. चिखल ओला असतानाच निघतो, वाळला की सीलच्या ओठाखाली जातो.